मचूळ पाण्यात कोळंबीची पिल्लं: टाकीत किती सोडायची?

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांमध्ये आणि मेसेजमध्ये निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच गोष्टीचे आहेत, पाणी कमी खारं आहे, ३-४-५ पीपीटी (म्हणजे लिटरला तितके ग्रॅम क्षार), त्यात वेनामी कोळंबीची पिल्लं किती दाट ठेवायची. म्हणून यावेळी बाकीचे विषय बाजूला ठेवलेत, जिताडा आणि खेकडावाल्यांनी रागावू नका, पुढच्या अंकात तुमचेच प्रश्न घेते.

प्रश्न : ताई नमस्कार. माझी खाडीजवळ छोटी नर्सरी आहे, १० हजार लिटरच्या दोन टाक्या. पाणी बोअरचं, मचूळ, रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं यंत्र) ५ दाखवतो. यंदा एकाच लॉटचं सीड आणलं, पीएल १२ (१२ दिवसांची पोस्ट-लार्वा पिल्लं), ४० पैशाला एक. एका टाकीत २० हजार सोडली आणि दुसरीत ४० हजार, म्हटलं बघूया. २५ दिवसांनी पहिलीत १६ हजार निघाली, सरासरी ०.३५ ग्रॅमची. दुसरीत २२ हजारच निघाली आणि तीपण ०.२२ ग्रॅमची, आणि त्यात काही मोठी काही अगदी मुंगीएवढी. खाद्य दुसरीत डबल टाकलं होतं. शेवटच्या आठवड्यात नायट्राइट (कुजलेल्या खाद्यापासून होणारं विष) दुसऱ्या टाकीत लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आसपास होता. सीडवाले म्हणतात घनता जास्त झाली, पण आंध्रात तर याहून दाट ठेवतात असं ऐकलंय. चूक कुठे झाली? (पालघर तालुक्यातून)

उत्तर : दादा, आधी तुमचं मनापासून अभिनंदन, कारण दोन टाक्या, एकच लॉट, एकच पाणी आणि फरक फक्त संख्येचा, असं करून बघणारे आणि वर शेवटी मोजणारे लोक फार कमी भेटतात. बहुतेक जण पिशवीवर लिहिलेला आकडाच शेवटपर्यंत धरून बसतात.

आता तुमचाच हिशोब तुमच्यासमोर ठेवते. पहिल्या टाकीत १६ हजार गुणिले ०.३५ म्हणजे ५.६ किलो माल. दुसरीत २२ हजार गुणिले ०.२२ म्हणजे ४.८४ किलो. म्हणजे दुप्पट सीड टाकून एकूण वजनसुद्धा कमीच आलं. आणि पैशात बघा, पहिल्या टाकीत जिवंत पिल्लू तुम्हाला ५० पैशाला पडलं, दुसरीत जवळजवळ ७३ पैशाला, खाद्याचा खर्च वेगळाच. सहसा घनता वाढवली की पिल्लं बारीक राहतात, थोडी मरतात, पण एकूण वजन तरी वाढतं. तुमच्याकडे तेही वाढलं नाही, याचा अर्थ टाकीची झेपेल तेवढी ताकद ४० हजारांच्या बरीच आधी संपली होती.

ती का संपली ते नीट समजून घ्या. वेनामीच्या अंगातल्या पाण्याचा खारेपणा साधारण २५ पीपीटीच्या पाण्याइतका असतो. बाहेरचं पाणी ५ पीपीटी असलं की सारखं पाणी अंगात शिरतं आणि मीठ बाहेर झिरपतं, आणि पिल्लू दिवसरात्र गिलमधून (कल्ल्यांमधून) मीठ परत आत ओढत बसतं. हे फुकट होत नाही, खाल्लेल्यातला काही भाग त्यातच खर्च होतो. हे काम करता करता ते वाढतंही छान, वेनामी त्यासाठीच प्रसिद्ध आहे, पण त्याच्याकडे शिल्लक ताकद फार उरत नाही. त्यात गर्दी, त्यात ऑक्सिजन पहाटे कमी, त्यात नायट्राइट, असं एकावर एक चढलं की ते बसतंच.

नायट्राइटचं तर खास सांगते, कारण इथेच आंध्रची नक्कल अंगाशी येते. गिलच्या ज्या वाटेने क्लोराइड आत जातं त्याच वाटेने नायट्राइटही घुसतं. खाऱ्या पाण्यात क्लोराइड इतकं भरपूर की नायट्राइटला जागाच मिळत नाही. पाणी गोडं होत गेलं की ती वाट मोकळी. वेनामीच्या लहान कोळंबीवर झालेल्या अभ्यासात ३५ पीपीटीला नायट्राइट-नायट्रोजनची सुरक्षित पातळी २५.७ मिलिग्रॅम प्रति लिटर निघाली होती आणि १५ पीपीटीला फक्त ६.१. तुमचं पाणी तर ५ चं! म्हणजे समुद्राच्या पाण्यावाला ३ आकडा बघून निवांत झोपेल आणि तुमच्या टाकीत मात्र त्याच ३ ला पिल्लं खायची थांबतील. मी ५ पीपीटीच्या टाकीत १ च्या वर जाऊच देत नाही. आणि एक बघा, तुमचं किट नायट्राइट दाखवतं की नायट्राइट-नायट्रोजन, डब्यावर लिहिलेलं असतं, दोन्हीत ३.३ पटीचा फरक पडतो.

आणि तो नायट्राइट आला कुठून? तुम्ही लिहिलंय खाद्य डबल टाकलं. पण दुसऱ्या टाकीत पिल्लं डबल राहिलीच नव्हती ना! दहाव्या-बाराव्या दिवसापर्यंत बरीच गेली असणार, दिसत नाहीत कारण मेलेलं पिल्लू बाकीची तासाभरात फस्त करतात, तळाशी काही उरत नाही. तुम्ही ४० हजारांचा हिशोब धरून क्रम्बल (चुरा खाद्य) टाकत राहिलात, खाणारी कमी, उरलेलं कुजलं, अमोनिया झाला, अमोनियाचा नायट्राइट झाला, त्याने अजून पिल्लं गेली, आणि खाद्य परत तेवढंच. हे चक्र तोडायचा एकच उपाय म्हणजे चेक ट्रे. टाकीत दोन ट्रे लावा, खाद्य टाकल्यावर दीड-दोन तासांनी बघा, शिल्लक दिसलं की पुढचा डोस कापा, चार्ट काहीही म्हणो.

मुंगीएवढी आणि मोठी यांचं कारण पण गर्दीच. पिल्लू लहान असताना फार पटापट कवच टाकतं, आणि टाकल्यावर काही वेळ लोण्यासारखं मऊ असतं. एकदा रात्री टॉर्च घेऊन टाकीच्या कडेला बसा, दिसेल तुम्हाला, नुकतं कवच टाकलेलं पारदर्शक पिल्लू कोपऱ्यात पडलेलं असतं आणि दोन-तीन जण त्याच्या शेपटीकडून सुरू झालेले असतात. जागा असली तर ते निसटतं. दाटीत निसटत नाही. आणि जी खातात ती अजून मोठी होतात, म्हणून साइजमध्ये फाटाफूट होत जाते.

तर पुढच्या वेळी काय. तुमच्या पाण्यात, साध्या ब्लोअरवर, रोज थोडं पाणी बदलून, मी १००० लिटरला १५०० ते २००० पिल्लं म्हणेन, म्हणजे टाकीत १५ ते २० हजार. आंध्रात दाट ठेवतात हे खरंय, पण तिथे कुणाकडे पाणी जास्त खारं, कुणाकडे बायोफ्लॉक (टाकीतली घाण जिवाणूंकडून संपवायची पद्धत), कुणाकडे जनरेटरसकट चोवीस तास हवा आणि रोज टेस्ट करायला एक माणूस. तुम्हाला वाढवायचंच असेल तर आधी जागा वाढवा. टाकीत जुनी स्वच्छ जाळी किंवा शेडनेटच्या पट्ट्या उभ्या सोडा, तळापासून वीतभर वर. पिल्लं त्यावर बसतात, त्यावरचं शेवाळ चरतात, कवच टाकलेलं पिल्लू आडोशाला जातं. एवढ्या स्वस्तात एवढा उपयोग होणारी दुसरी वस्तू मला या धंद्यात माहीत नाही. मग २५०० करून बघा, आणि आत्ता केलंत तसंच शेजारच्या टाकीत २००० ठेवून करा.

अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची ताकद) पण तपासा, लिटरला १२० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर खाण्याचा सोडा चालतो. १० हजार लिटरला ५० ने वाढवायची तर साधारण ८४० ग्रॅम लागतो, एकदम ओतू नका, दोन दिवसांत विभागून द्या.

प्रश्न : मॅडम, आमची मिरज तालुक्यात चार एकर जमीन क्षारपड झालीय, ऊस येत नाही, काहीच येत नाही. चराच्या पाण्याचा ईसी (पाण्यातल्या क्षारांचा अंदाज देणारा आकडा) ८ आहे. हरियाणात अशा जमिनीत कोळंबी करतात असं यूट्यूबवर पाहिलं. वडील म्हणतात करून टाक, नाहीतरी पडीकच आहे. लॅबचा रिपोर्ट पाठवतोय, लिटरला मिलिग्रॅममध्ये पोटॅशियम ८, मॅग्नेशियम ९०, कॅल्शियम १२०. पिल्लं जगतील का आणि किती सोडू?

उत्तर : तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं, मिरज, शिरोळ, पलूस, वाळवा या पट्ट्यात जास्तीच्या पाण्याने आणि निचरा नसल्याने किती चांगली काळी जमीन गेलीय ते मी पाहिलंय. हरियाणाचं खरं आहे. रोहतकजवळ लाहलीला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेचं केंद्र आहे (मूळ संस्था आपल्या मुंबईत वर्सोव्याला), तिथे जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यात कोळंबी वाढवण्यावर बरीच वर्षं काम झालं आणि मग रोहतक, सिरसा भागात, पंजाबात फाजिल्का-मुक्तसरला, राजस्थानात चुरूला शेतकऱ्यांनी तलाव केले. तेव्हा कल्पना हवेतली नाही. पण घाई करू नका.

ईसी ८ म्हणजे ढोबळमानाने ८ गुणिले ०.६४, साधारण ५ पीपीटी. खारेपणाला हरकत नाही. हरकत आहे ती तुमच्या रिपोर्टमधल्या पहिल्या आकड्याला, पोटॅशियम ८. समुद्राच्या पाण्यात सगळे क्षार एका ठरलेल्या प्रमाणात असतात, कोळंबीचं शरीर त्या प्रमाणाला सरावलेलं आहे. समुद्राचं पाणी ५ पीपीटीपर्यंत पातळ केलं तर त्यात पोटॅशियम ५३ च्या आसपास भरतं आणि मॅग्नेशियम १९५ च्या आसपास. जमिनीतून आलेल्या पाण्यात मात्र पोटॅश चिकणमाती धरून ठेवते, म्हणून मीटर ५ पीपीटी दाखवतो पण ते समुद्राचं ५ पीपीटी नसतं. गिलमधला मीठ ओढणारा जो पंप आहे तो पोटॅशियम आणि मॅग्नेशियमशिवाय चालत नाही. मग पिल्लं सुस्त होतात, शेपटी आत वळून आखडतात, अंगाचं मांस दुधासारखं पांढरं दिसायला लागतं.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. सुरुवातीच्या वर्षी एकदा खाडीचं पाणी वेळेवर मिळालं नाही म्हणून मी गोड्या पाण्यात मिठागरातलं जाडं मीठ विरघळवून ५ पीपीटी केलं, रिफ्रॅक्टोमीटर बघून खूश झाले आणि पिल्लं सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीच्या तळाशी सगळी स्वल्पविरामासारखी वाकून पडलेली. मीठ बनताना सोडियम क्लोराइड तेवढं खडा होऊन बाहेर येतं, मॅग्नेशियम-पोटॅशियम उरलेल्या कडू पाण्यात राहून जातं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ती पिल्लं मला अजून दिसतात, म्हणून इतक्या कळकळीने लिहितेय.

तुमच्यासाठी हिशोब. समजा २० हजार लिटरची एक नर्सरी टाकी केली. पोटॅशियम ८ वरून ५० वर न्यायचं म्हणजे ४२ ची तूट, २० घनमीटरला ८४० ग्रॅम. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये निम्मं पोटॅशियम धरा, म्हणजे १.७ किलो एमओपी. मॅग्नेशियमची तूट १०५, त्याला मॅग्नेशियम सल्फेट साधारण २१ किलो. हे परवडतं. आता हाच हिशोब अर्ध्या एकराच्या तलावाला लावा, सव्वा मीटर पाणी धरलं तर २५०० घनमीटर झाले, एमओपी २१० किलो आणि मॅग्नेशियम सल्फेट अडीच टनाच्या वर! आणि काळी माती पोटॅश पुन्हा पुन्हा गिळणार, म्हणजे दर पंधरवड्याला तपासून परत टाकायचं. म्हणून चार एकर खोदायच्या आधी हा खर्च कागदावर मांडा, वडिलांनाही दाखवा.

त्याहीआधी एक बादली परीक्षा करा. तीन बादल्या घ्या, एकीत तुमचं पाणी जसंच्या तसं, दुसरीत पोटॅश घातलेलं, तिसरीत पोटॅश आणि मॅग्नेशियम दोन्ही घातलेलं. प्रत्येकीत एअर स्टोन आणि हळूहळू सवय लावलेली ५०-५० पिल्लं. ४८ तास थांबा आणि मोजा. कुठल्याही कन्सल्टंटपेक्षा ही बादली खरं बोलते.

पिल्लं पीएल १५ किंवा त्याच्या पुढचीच मागा. पीएल १० चे गिल पुरते तयार झालेले नसतात, इतक्या कमी खारेपणात ती टिकत नाहीत, १५ नंतर ताकद येते. घनता पहिल्या वेळी १००० लिटरला १००० च्या वर नको. तुमच्या पाण्याचा स्वभाव तुम्हालाच अजून माहीत नाही, तो कळेपर्यंत गर्दी करू नका.

आणि दोन गोष्टी धंद्याच्या नाहीत पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. वेनामी बाहेरच्या देशातली जात आहे, परवानगीशिवाय करू नका, जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात आधी जा. आणि तलावाचं खारं पाणी ओढ्यात, कॅनॉलमध्ये किंवा शेजारच्या चांगल्या रानाकडे एक थेंबही जाऊ देऊ नका, तुमची जमीन ज्याने गेली तेच दुसऱ्याच्या वाट्याला नको यायला. ज्याचं शेत आज चांगलं आहे त्याने कोळंबीसाठी मुद्दाम खारं पाणी आणायचा विचारसुद्धा करू नये.

प्रश्न : हॅचरीतून पिशवी येते ती १५ पीपीटीची, माझी टाकी ४ ची. पिशवी तासभर तरंगवून सोडतो, तरी पहिल्या दोन दिवसात बरीच मरतात. पिशवीत जास्त भरल्यामुळे का?

उत्तर : पिशवी तरंगवल्याने फक्त टेम्परेचर जुळतं हो, खारेपणा नाही! १५ वरून ४ वर एका तासात आणणं म्हणजे मारणंच. पिल्लं आधी वेगळ्या छोट्या टाकीत घ्या, लिटरला ३०० च्या वर नको, भरपूर हवा, थोडा आर्टेमिया (पिल्लांचं बारीक जिवंत खाद्य), आणि तुमचं पाणी बारीक नळीने सोडा. १५ ते ८ पर्यंत तासाला १ पीपीटी, ८ च्या खाली तासाला अर्धा. म्हणजे १५ तास लागतात, रात्र जागावी लागते, दुसरा रस्ता नाही. मधेच पिल्लं गोल गोल फिरायला लागली किंवा तळाशी बसली तर पाणी बंद करून दोन तास थांबा. ऑर्डर देतानाच हॅचरीला सांगून ठेवलं तर ते आठवडाभर आधीपासून खारेपणा उतरवून देतात, आपलं बहुतेक सीड आंध्र-तमिळनाडूहून प्रवास करून दमूनच येतं, तेव्हा तेवढं काम तिथेच झालेलं बरं. आणि पहिल्या दोन दिवसांची मर मोजत जा, नाहीतर खाद्याचा हिशोब पालघरच्या दादांसारखा चुकेल.

प्रश्न : सरळ तलावात पीएल सोडायची का आधी नर्सरीत वाढवून? खर्च वाढतो असं पार्टनर म्हणतो.

उत्तर : कमी खाऱ्या पाण्यात माझं उत्तर ठाम आहे, नर्सरीतून. तलावात पीएल सोडली की महिनाभर तुम्हाला कळत नाही आत काय उरलंय. नर्सरीतून अर्ध्या ग्रॅमची सोडलीत तर मोजून सोडता, तलावाचे तीन-चार आठवडे वाचतात, आणि खनिजं आधी छोट्या पाण्यात घालून पिल्लू तगडं करता येतं. पार्टनरला सांगा, खर्च पीएलमागे नाही, जिवंत पिल्लामागे काढायचा. तलावात ५ पीपीटीला नवख्याने चौरस मीटरला २५-३० वरच थांबावं.

हलवताना पहाटे हलवा, आदल्या रात्री खाद्य बंद ठेवा. आणि आधी मूठभर पिल्लं हातावर घेऊन बघा, मऊ लागली तर दोन दिवस थांबा. अमावास्या-पौर्णिमेला कवच टाकतात असं सगळे म्हणतात, मी मात्र कॅलेंडरपेक्षा हातावरच्या पिल्लावर विश्वास ठेवते.

प्रश्न : आम्ही बचत गटाच्या सात जणी मिळून खाजणात मातीचा छोटा नर्सरी तलाव करतो. एप्रिलमध्ये पाणी २० च्या वर असतं तेव्हा चौरस मीटरला १५० पिल्लं ठेवली, मस्त झाली. मे अखेर परत तेवढीच टाकली, आठ दिवसांत पाऊस लागला, पाणी ६ वर आलं आणि सगळं गेलं. गटातल्या बायका आता परत टाकायला घाबरतात. (सिंधुदुर्ग)

उत्तर : ताई, तुमच्या गटाला सांगा की एप्रिलमध्ये जमलं ते तुमच्या कष्टानेच जमलं, आणि जूनमध्ये जे गेलं त्यात निष्काळजीपणा नव्हता, पाणीच बदललं. २० पीपीटीचा तलाव आणि ६ चा तलाव ही दोन वेगळी घरं आहेत, एकात १५० मावतात म्हणून दुसऱ्यात मावत नाहीत.

पाऊस पडतो तेव्हा गोडं पाणी हलकं असतं, ते वर तरंगतं आणि खारं खाली राहतं. मधे झाकण बसल्यासारखं होतं, खालच्या पाण्याला हवा मिळत नाही आणि पिल्लं तर तळाशीच. त्यात ढगाळ हवा, पाण्यातलं शेवाळ मरतं, पहाटे ऑक्सिजन संपतो. म्हणून पाऊस सुरू असतानाच उघाडीच्या (तलावाचं पाणी सोडायच्या दाराच्या) वरच्या फळ्या काढा म्हणजे वरचं गोडं पाणी निघून जाईल, खालच्या फळ्यांना हात लावू नका. उघाडीला आतून बारीक जाळी हवीच, नाहीतर पाण्याबरोबर पिल्लंही जातील. एरेटर चालू ठेवा, लाइट जाते हे माहीत आहे, म्हणून दोन गटांत मिळून एक छोटा जनरेटर तरी बघा. बांधावरून उतरणारं पाणी आंबट असतं, पावसाआधी बांधांवर चुना फेकून ठेवा. जोराच्या पावसात खाद्य निम्म्यावर आणा किंवा त्या दिवशी टाकूच नका, उपाशी पिल्लू एक दिवस काढतं, कुजलेल्या खाद्यात काढत नाही.

आणि मे अखेरची बॅच मी तुमच्या जागी टाकणार नाही. एप्रिलची पिल्लं आगोटीच्या आत विकून मोकळ्या व्हा. पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरात पाणी ८-१० वर स्थिर झालं की ५० ने सुरू करा, चौरस मीटरला ५०, त्याच्या वर एकही नाही, आणि आठवड्याने पगोळी (फेकायचं जाळं) टाकून बघा. हाताला लागणारी पिल्लं टणक, पोटात खाद्याची काळी रेघ सलग दिसत असेल तर पुढच्या बॅचला ७०-८० करायला हरकत नाही. त्या पहिल्या आठवड्यातले नायट्राइट आणि अल्कलिनिटीचे आकडे मला कळवा, सातही जणींची नावं लिहून पाठवा, मी उत्तर देईन.